ट्रकचं डिझेल आणि एसयूव्हीचं डिझेल

मामाच्या दारात दोन ट्रक शेजारी शेजारी लागतात. एक २०१२ चा, एक २०२१ चा, दोन्ही दहा टायर. कराडच्या आसपासच्या कारखान्यांची साखर उरणला बंदरावर टाकायची आणि येताना मिळेल तो माल भरून यायचं, असा धंदा. गेल्या दिवाळीत मी जुन्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, तर काजळाच्या डबीतून काढल्यासारखं निघालं. मग नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये फिरवलं. रस्त्याची राखाडी धूळ लागली, काळं काही नाही. अडीच लाखांच्या वर किलोमीटर पळालेली गाडी आहे ती. मामी म्हणाली, "जुनी गाडी चालू करायच्या आधी मला हाक मारा, असं यांना सांगून ठेवलंय. दोरीवरचे कपडे आत घ्यायला लागतात."

डिझेलवर सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांना हे सायलेन्सर दाखवावं असं मला तेव्हापासून वाटतं. आणि डिझेलचे गोडवे गात शहरात दोन टनांची एसयूव्ही फिरवणाऱ्यांशीही बोलायचं आहे, पण त्यांच्याशी वेगळ्या कारणाने.

मे २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या तरुण कपूर समितीची शिफारस बाहेर आली: दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी गाड्या बंद कराव्यात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी डिझेल गाड्यांवर दहा टक्के जादा जीएसटीची भाषा बोलले आणि लगेच असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही आला. दोन्ही वेळा चर्चा तीच झाली. एक बाजू म्हणाली डिझेल म्हणजे विष, दुसरी म्हणाली आता बीएस-६ (गाड्यांच्या धुरावरचा सरकारी नियम) आलंय, डिझेल स्वच्छ झालंय. ट्रकचं डिझेल आणि एसयूव्हीचं डिझेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही, हे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला आकड्यांनी मांडायचं आहे.

मामाची भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. महिन्याला सहा हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार किलोमीटर पळते. १८ हजार लिटर डिझेल झालं. हेच ॲव्हरेज साडेचारवर गेलं तर १६ हजार लिटर लागेल. अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने वर्षाला दोन हजार लिटर वाचले. लिटरला नव्वद रुपये धरले तरी एक लाख ऐंशी हजार रुपये, आणि पाच टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आता पुण्यातली एसयूव्ही घ्या. वर्षाला दहा हजार किलोमीटर, गर्दीत लिटरला बारा. ८३३ लिटर लागतात. तिचं ॲव्हरेज बारावरून तेरावर नेलं, तर वाचतात ६४ लिटर. ट्रकचा अर्धा किलोमीटर हा एसयूव्हीच्या पूर्ण किलोमीटरच्या तीसपट भारी आहे. लिटरला किती किलोमीटर, हे माप आपल्याला सवयीचं आहे, पण ते फसवतं. शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजलं की कुठे किती पाणी मुरतंय ते लगेच कळतं. जिथे सगळ्यात जास्त डिझेल जळतं तिथे अर्ध्या किलोमीटरसाठी झगडायचं की शोरूममधल्या गाडीच्या जाहिरातीतल्या आकड्यावर वाद घालायचा, हे आपण ठरवायला हवं.

धुराचंही तसंच. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो, असं स्पष्ट जाहीर केलं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या वाहनांत ट्रक तीन टक्के आहेत, पण वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून जास्त कण त्यांचे. तो धूर आधी कुणाच्या छातीत जातो? चालकाच्या, क्लीनरच्या, टोलनाक्यावरच्या माणसाच्या, हायवेला लागून असलेल्या शाळेतल्या पोरांच्या.

म्हणूनच बीएस-६ ही माझ्या लेखी गेल्या दहा-पंधरा वर्षांतली या देशातली एक मोठी कामगिरी आहे. १ एप्रिल २०२० ला, लॉकडाउन चालू असताना ती लागू झाली आणि कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. आपण बीएस-५ ची पायरी गाळून चारवरून थेट सहावर उडी घेतली. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० भाग होतं, ते १० वर आणलं. बीएस-३ च्या काळात ते ३५० होतं. गंधक कमी झाल्याशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं, कारण धूर साफ करणारी रसायनं गंधकाने निकामी होतात. ट्रकला नायट्रोजन ऑक्साइड या विषारी वायूची मुभा बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासाला साडेतीन ग्रॅम होती, ती अर्ध्या ग्रॅमच्या आत आली. काजळीची मर्यादा बीएस-३ च्या एक दशांशावर आली. चाचणीची पद्धत मधे बदलली आहे हे धरूनही ही घट फार मोठी आहे.

यातली खरी गंमत ॲव्हरेजशी जोडलेली आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि मग तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. या दाबामुळेच डिझेल कमी खातं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लागली होती. आज ट्रकची चांगली इंजिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे आहेत. पण आत जितकं जास्त तापेल तितका हवेतलाच नायट्रोजन जळून त्याचे ऑक्साइड होतात. ते कमी करायला जळालेला धूर थोडा परत आत सोडून इंजिन थंड ठेवलं, तर काजळी वाढते आणि ॲव्हरेज पडतं. एक दाबलं की दुसरं वर येतं. इंजिन बनवणारे वर्षानुवर्षं या पेचात अडकले होते. स्वच्छ हवं तर डिझेल जास्त जाळा, डिझेल वाचवायचं तर धूर सोसा.

तो पेच युरियाने सोडवला. चालक ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात ते म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर लागतो. तो गरम धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो, अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडला गाठतो, आणि उरतो साधा नायट्रोजन आणि पाणी. काजळी त्याआधीच फिल्टरच्या जाळीत अडकलेली असते. धूर साफ करायचं काम इंजिनाच्या बाहेर गेलं, त्यामुळे इंजिन आत हवं तसं तापवायला मोकळं झालं. स्वच्छ धूर आणि चांगलं ॲव्हरेज एकाच गाडीत मिळू शकतं, ते यामुळे. मामाची नवी गाडी जुनीपेक्षा जास्त वजन ओढून ॲव्हरेजही जास्त देते, यावर त्याचा पहिलं वर्षभर विश्वास बसत नव्हता. दर फेरीला टाकी फुल करून तो वहीत आकडे मांडायचा.

एवढं सांगून झाल्यावर आता अडचणीचं सांगायला हवं, कारण ती मी जवळून बघितली आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापायला लागतो. गाडी हायवेवर सलग पळाली तर ते आपोआप होतं. बंदराच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून इंच इंच सरकणाऱ्या गाडीत ते होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि चालकाने गाडी बाजूला घेऊन, बटण दाबून तीस-चाळीस मिनिटं उभं राहायचं असतं. गेल्या पावसाळ्यात मामाच्या चालकाने तो दिवा चार दिवस तसाच ठेवला. बंदरात आत जायची वेळ ठरलेली, उशीर झाला तर फेरी हातची जाते. पाचव्या दिवशी येताना गाडीने ओढणंच सोडलं. येताना बोरघाट आणि खंबाटकी दोन्ही चढच आहेत, आणि गाडी भरलेली.

वर्कशॉपने फिल्टर बदलायचा खर्च लाखाच्या वर सांगितला. हायवेवरच्या एका मिस्त्रीने पंधरा हजार सांगितले. "आतली जाळी काढून टाकू की, मालक. वरनं परत वेल्डिंग मारतो, बघणाऱ्याला कळत पण नाही. कम्प्युटरला सांगून ठेवू फिल्टर हाय म्हणून. युरियाचा खर्च पण वाचंल." त्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात अशा उकरून काढलेल्या जाळ्यांचे तुकडे पडले होते. मी एक हातात घेतला. मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी भोकं, प्रत्येक भोक काळ्या भुकटीने बुजलेलं. एका गाडीच्या काही दिवसांच्या फेऱ्यांची काजळी होती ती. ती जाळीत होती म्हणून कुणाच्या छातीत नव्हती.

मी विचारलं, "मग पीयूसी?" मिस्त्री म्हणाला, "निघतीय की."

आणि तो खरं बोलत होता. आपली डिझेलची पीयूसी अजून धूर किती गडद दिसतो एवढंच मोजते. गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर, नळी सायलेन्सरमध्ये. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत, कण मोजत नाहीत. नवं, चांगल्या पंपाचं इंजिन फिल्टरशिवायही डोळ्याला फारसा धूर दाखवत नाही. बीएस-६ चा कायदा कणांची संख्या मोजून केला आणि रस्त्यावरची तपासणी मात्र काळेपणा मोजत राहिली. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या वार्षिक तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलं. फिल्टर काढला असेल तर ते मिनिटभरात पकडतं. जर्मनीने त्याच वर्षी जुलैपासून तेच केलं. आपल्याकडे प्रत्येक पीयूसी केंद्रावर हे यंत्र आणायला वेळ लागेल, हे मान्य. पण ट्रकच्या पासिंगला, जिथे गाडी आणावीच लागते, तिथे आधी ते का येऊ नये?

हे छोटं दुखणं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसलं की तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त मोठ्या डिझेल पिकअपमधून लोकांनी धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकली होती. त्यामुळे झालेलं जादा प्रदूषण रस्त्यावर ९० लाख नवीन पिकअप आणून सोडल्याइतकं होतं. कंपन्याही निर्दोष नव्हत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या एक कोटीहून जास्त गाड्यांत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये इंजिन बनवणाऱ्या कमिन्सने, जिचा कारखाना कोथरूडने १९६२ पासून बघितला आहे, अमेरिकेत रॅम पिकअपच्या इंजिनांवरून १६७.५ कोटी डॉलर दंड भरायला संमती दिली. कंपनीने गैरकृत्य कबूल केलं नाही, पण वाहन उद्योगाच्या इतिहासातला तो मोठ्या दंडांपैकी एक आहे. 'क्लीन डिझेल' या शब्दावरून लोकांचा विश्वास उडाला तो तंत्रज्ञान खोटं होतं म्हणून नाही. तपासणी ढिली होती म्हणून.

युरियाचंही बघा. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. तो पाण्यात कालवून ट्रकमध्ये ओतण्याचा मोह होणारच. पण २०१५ पासून तो सगळा कडुनिंबाचं तेल लावलेला असतो. शेताला ते चांगलं, गाडीच्या रसायनाला घातक. शेतकऱ्याचं अनुदान चोरायचं आणि वर गाडीही खराब करायची, असं दुहेरी नुकसान. आणि चांगल्या युरियाचा पुरवठा तुटला तर काय होतं हे दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भोगलं. चीनने निर्यात रोखली, ट्रक उभे राहायची वेळ आली, आणि सरकारने हवाई दलाचं विमान पाठवून ऑस्ट्रेलियातून २७ हजार लिटर आणलं.

आता ॲव्हरेजच्या कायद्याकडे येतो. बारा टनांवरच्या वाहनांसाठी इंधनाचे नियम आपण ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केले. चाचणी अशी: ट्रक ताशी ४० आणि ६० किलोमीटरच्या ठरलेल्या वेगाने सरळ पळवायचा आणि डिझेल मोजायचं. ज्याने एकदा तरी ट्रकच्या केबिनमध्ये बसून पुण्याहून साताऱ्याला प्रवास केला आहे, त्याला यातली उणीव सांगायला नको. खंबाटकीच्या चढाला गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते, पुढचा ट्रक थांबला की थांबते, पुन्हा उठते. तिथे जळतं ते डिझेल या मोजमापात येतच नाही. मग गिअरबॉक्स, टायर, वजन यांवर कंपनीने खर्च का करावा? युरोपात २०१९ पासून नव्या अवजड ट्रकचे इंजिन, टायर, आकार वेगवेगळे मोजून, चढ-उतार आणि थांबे धरलेल्या मार्गांवर त्याचा खप काढतात. गाडीबरोबर तो आकडा गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. मामाने नवा ट्रक घेतला तेव्हा त्याला असा एकही आकडा मिळाला नाही. विकणारा म्हणाला "साडेचार देईल," आणि त्याच्या शब्दावर चाळीस लाखांचं कर्ज निघालं.

ॲव्हरेज फक्त इंजिनात नसतं, हेही इथेच सांगतो. अमेरिकेत २०१४ मध्ये कमिन्स आणि ट्रक बनवणारी पीटरबिल्ट यांच्या प्रायोगिक 'सुपरट्रक'ने सुमारे साडेएकोणतीस टन एकूण वजन घेऊन लिटरला साडेचार किलोमीटर दिले, आणि तेही हायवेच्या वेगाने. त्यात इंजिनाइतकाच वाटा वारा कापणाऱ्या आकाराचा आणि टायरचा होता. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके उठले. मुलुंड-दहिसरला रात्रभर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या रांगा गेल्या. एकाही इंजिनाला हात न लावता वाचलेलं डिझेल आहे ते.

एसयूव्हीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे बाजू मांडण्यासारखं फार नाही. मुलांना शाळेत सोडायचं, मंडईत जायचं, संध्याकाळी चार किलोमीटरवर जेवायला जायचं, अशा फिरण्यात धूर कधी सहाशे अंशांवर जातच नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि मालक पुन्हा त्याच मिस्त्रीकडे जातो. शिवाय डिझेलचं जास्त ॲव्हरेज दिसतं तेवढं मोठं नसतं. एक लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर पेट्रोलमधून २.३. डिझेल एसयूव्ही चौदा देते आणि तीच पेट्रोलवर अकरा, तर किलोमीटरमागे फरक आठ टक्क्यांच्या आसपासच राहतो. हलकी पेट्रोल गाडी सतरा देत असेल तर ती दोघींना सहज मागे टाकते. वजन हा तिथला मूळ आजार आहे, आणि आपले मोटारींचे इंधन-नियम तर जड गाडी बनवणाऱ्या कंपनीला सैल मर्यादा देतात. दिल्लीत डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर महिन्याभरात महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आणलं. गाडी तितकीच मोठी, तितकीच जड. सीसी मोजून काही साधत नाही. वजन मोजा, शहरात त्या वजनावर पार्किंगचे आणि नोंदणीचे पैसे लावा. मेळघाटात किंवा तिलारीच्या घाटात रोज माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्या जीपला त्यातून सूट द्या. तिथे डिझेलचा जोर खरंच कामाला येतो.

मला नेहमी विचारतात, विजेचे ट्रक येतायत, मग ही उठाठेव कशाला? ते यायलाच हवेत, बंदराच्या आतल्या आणि शंभर-दीडशे किलोमीटरच्या फेऱ्यांवर तर आजच. केंद्राने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी अनुदान जाहीर केलं, ते साधारण ५,६०० ट्रकांपुरतं. चांगली सुरुवात आहे. पण आज शोरूममधून निघालेला डिझेल ट्रक पंधरा-वीस वर्षं पळणार आहे. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि दर हाताला त्याचा फिल्टर उकरला जायची शक्यता वाढत जाणार. २०४० सालीही त्याच्या मागे कुणीतरी स्कूटरवर असेल.

मामाने फिल्टर काढला नाही. पुण्याजवळ एका ठिकाणी तो भट्टीत भाजून, हवा मारून साफ करून मिळाला. गाडी दोन दिवस उभी राहिली, एक फेरी गेली. चालकावर तो आधी चिडला. मग दोघांनी बसून हिशेब केला, की दिवा लागल्यावर थांबायचं तर ते थांबणं कुणाच्या खात्यात जायचं. आता मामाच्या फेरीच्या वहीत डिझेल, टोल, युरिया, भत्ता यांच्या पुढे एक नवा रकाना आखलेला आहे. वर लिहिलंय 'फिल्टर'. खाली चालक आपल्या अक्षरात वेळ आणि जागा टाकतो: शिरवळ, ४० मिनिटं. खालापूर, ३५. त्या मिनिटांपायी उशीर झाला तर भत्ता कापायचा नाही, असं ठरलंय.